हैदराबाद ते शिकागो : अंतराचा आणि वेळेचा हिशेब

व्यापाऱ्यास अंतर मोजण्याची सवय लहानपणापासूनच जडते. परंतु तो अंतर मैलांत मोजीत नाही, दिवसांत मोजतो. माल किती कोसांवरून येणार यापेक्षा तो कोणत्या वारी येणार, ही त्याची खरी चिंता. हुंडीची मुदत दिवसांची असते, कोसांची नव्हे. आपल्या बरकतपुऱ्यास हा विचार नवा नाही. काचीगुडा स्थानक जवळच आहे. तेथून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभापासून नांदेड, परभणी, जालना आणि पूर्वीचे औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर यांना हैदराबादेशी जोडीत आला. मराठी बोलणारी कितीतरी कुटुंबे याच मार्गाने या शहरात आली. त्या काळी ‘गाव किती दूर?’ या प्रश्नास ‘एका रात्रीचे’ असे उत्तर मिळे व ते सर्वांस पुरेसे वाटे.

आज त्याच घरांतील मुले-मुली शिकागो, डॅलस, न्यू जर्सी येथे स्थायिक झाली आहेत. पत्र्याच्या ट्रंकेची जागा चाकांच्या बॅगेने घेतली आणि स्थानकाची जागा शमशाबादच्या विमानतळाने. मात्र जुना प्रश्न कायम आहे : किती दूर? यावर आता दोन आकडे सांगितले जातात, एक किलोमीटरांचा व दुसरा तासांचा. पुष्कळांची समजूत अशी की, पहिला कळला की दुसरा आपोआप कळतो. वस्तुतः तसे नाही. पहिला आकडा पृथ्वीने ठरविलेला असून तो कधी बदलत नाही. दुसरा वारा, राजकारण, थांबे आणि कागदपत्रे यांच्या स्वाधीन असतो. या दोहोंतील फरक ज्या कुटुंबास वेळीच उमगतो, त्याची अडचणीच्या प्रसंगी धावपळ कमी होते. म्हणून हैदराबाद ते शिकागो हा एकच मार्ग घेऊन हा हिशेब वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

साठ दिवसांचा प्रवास

या दोन शहरांचा संबंध विमानापेक्षा पुष्कळ जुना आहे. १३ फेब्रुवारी १८९३ रोजी सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान झाले. पाश्चात्य देशांत आपण कोणत्या कार्यासाठी जाऊ इच्छितो, हा त्याचा विषय होता. पुढे ३१ मे रोजी ते मुंबईहून जहाजाने निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग व जपान या वाटेने २५ जुलैस कॅनडातील व्हँकुव्हरला उतरले, आणि तेथून आगगाडीने ३० जुलैस शिकागोस पोहोचले. मुंबईचा धक्का ते शिकागोचे स्थानक यांमध्ये साठ दिवस गेले.

सप्टेंबर १८९३ मध्ये भरलेल्या त्याच सर्वधर्मपरिषदेत जैन समाजाचे प्रतिनिधी म्हणून वीरचंद राघवजी गांधी उपस्थित होते. मूळ निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज, यांना होते. परंतु साधुधर्मात वाहनाचा प्रवास वर्ज्य. पायी विहार करणाऱ्यास समुद्र ओलांडणे अशक्य. म्हणून महाराजांनी वीरचंदभाईंना सिद्ध करून पाठविले. त्या वेळी ते अवघे एकोणतीस वर्षांचे होते. कोण जाणार हेच मुळी प्रवासाच्या साधनाने ठरविले, असे हे उदाहरण आहे.

आकाशमार्गाची कथा त्यानंतर चाळीस वर्षांनी सुरू होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस विमान आणले. पुढील टप्पा बेल्लारीवरून मद्रासचा होता. काही वर्षांनी या मार्गावर बेल्लारीची जागा हैदराबादने घेतली. १९४५ मध्ये निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तिकडे ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेले, आणि मे १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमानाने हीच सेवा लंडनवरून न्यूयॉर्कपर्यंत वाढली. मार्च २००८ मध्ये हैदराबादची प्रवासी वाहतूक बेगमपेठहून शमशाबादला गेली. आणि जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने हैदराबादहून शिकागोस थेट, म्हणजे वाटेत कोठेही न उतरणारी, सेवा सुरू केली. तिचा वेळ पावणेसतरा तासांच्या आसपास होता. साठ दिवस आणि सतरा तास! विज्ञानाच्या या पराक्रमास वंदन करूनच पुढील हिशेब पाहिला पाहिजे.

पृथ्वीने ठरविलेला आकडा

शमशाबाद ते शिकागोचा ओ’हेअर विमानतळ हे सरळ अंतर सुमारे १३,२८० किलोमीटर भरते. ‘सरळ’ या शब्दाचा अर्थ मात्र नीट ध्यानी घेतला पाहिजे. भिंतीवरील नकाशा पाहून आपणांस वाटते की, विमान पश्चिमेस अरबी समुद्र, युरोप व अटलांटिक महासागर ओलांडून जात असेल. पण नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल आहे. घरातील पृथ्वीचा गोल घेऊन हैदराबाद व शिकागो या दोन बिंदूंवर एक दोरा ताणून धरावा. तो दोरा पश्चिमेकडे वळत नाही. जवळजवळ थेट उत्तरेस निघतो. विदर्भात अमरावतीच्या आसपासून, पुढे राजस्थान, पंजाब व काश्मीरवरून तो मध्य आशियात शिरतो. कझाकस्तान व उरल पर्वत मागे टाकून बर्फाच्छादित आर्क्टिक समुद्रावर येतो. ग्रीनलंडचा उत्तर भाग व कॅनडातील हडसनचा उपसागर पार करून वरच्या अंगाने शिकागोत उतरतो. वाटेत तो उत्तर ध्रुवापासून अवघ्या अकरा अंशांपर्यंत जातो. जानेवारी २०२१ मध्येच सान फ्रान्सिस्कोहून बंगळूरला आलेले एअर इंडियाचे विमान, ज्याच्या सर्व वैमानिक महिला होत्या, उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरूनच आले होते.

या दोऱ्यावरून एक चमत्कारिक गोष्ट स्पष्ट होते. हैदराबादहून दिल्लीस जाऊन तेथून शिकागोचे विमान धरल्यास किलोमीटर जवळजवळ वाढत नाहीत, कारण दिल्ली त्या दोऱ्याच्या अगदी शेजारी आहे. दुबईमार्गे गेल्यास एकूण अंतर १४,२०० किलोमीटरच्या घरात जाते, लंडनमार्गे १४,१००. म्हणजे सर्वांत आडवाटेचा वाटणारा मार्गही शेकडा सातच्या आतच लांब आहे. मग एक प्रवासी सतरा तासांत पोहोचतो आणि दुसऱ्यास बावीस किंवा तीस तास का लागतात? याचे उत्तर अंतरात नाही.

वेळ कोण ठरवितो?

मोठे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने १३,२८० किलोमीटरना पावणेपंधरा तास पुरावेत. प्रत्यक्षात लागणाऱ्या वेळेशी यात दोन तासांची तफावत पडते. चढण्या-उतरण्यात व धावपट्टीपर्यंत जाण्यात थोडा वेळ जातो. आकाशात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. हा वारा पाठीशी असता वेळ वाचतो, समोरून असता खर्ची पडतो. म्हणूनच मुंबईहून लंडनला जाण्यास जितका वेळ लागतो, त्याहून लंडनहून मुंबईस येण्यास सामान्यतः कमी लागतो. अंतर तेच, विमान तेच. पण नदीत होडी हाकणाऱ्यास हे सांगावयास नको.

दुसरी बाब राजकारणाची. दोरा ज्या देशांवरून जातो, त्यांची संमती असेल तरच त्या वाटेने जाता येते. २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद ठेविले होते. २४ एप्रिल २०२५ पासून त्याने भारतीय विमानांस पुन्हा मनाई केली. त्यानंतर उत्तर भारतातून अमेरिकेस जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना लांबचा वळसा पडला, आणि काहींना इंधन घेण्यासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावे लागले. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने अमेरिका, कॅनडा व युरोपीय संघ यांच्या विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. पृथ्वीवरील दोन बिंदूंतील अंतर इंचभरही न वाढता प्रवास तासांनी वाढतो तो असा.

वळशाचा खर्च नुसत्या वेळेचा नाही, हे व्यापाऱ्यास चटकन उमजेल. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-२०० एलआर या जातीच्या विमानात सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. या इंधनाचा मोठा भाग इंधनाचेच वजन वाहून नेण्यात जळतो. वाळवंटातील उंटाने पाठीवर पाणी न्यावे व त्यातील निम्मे स्वतःच प्यावे, तसा हा प्रकार आहे. वाट तासाभराने लांबली की एकतर माल व प्रवासी कमी घ्यावे लागतात, नाही तर वाटेत उतरावे लागते. अतिदीर्घ थेट फेऱ्या आज सुरू होतात व उद्या थांबतात, त्याचे कारण बहुधा याच जमाखर्चात असते. यास्तव मागील वर्षीचे वेळापत्रक पाहून यंदाचा बेत करू नये.

तिसरी व सर्वांत मोठी बाब थांब्याची. दुबईपर्यंत चार तास, तेथे तीन तास खोळंबा, पुढे शिकागोस पंधरा तासांच्या आत-बाहेर; एकूण बावीस. हाच खोळंबा नऊ तासांचा झाला तर अठ्ठावीस. तिकिटातील स्वस्ताई पुष्कळदा या खोळंब्याच्या पोटात दडलेली असते. तरुणास ती परवडते. गुडघे दुखणाऱ्या वृद्धास परवडेलच असे नाही.

शेवटी घराचा उंबरठा ते विमानाचे दार हा वेळ कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो. शमशाबाद शहरापासून सुमारे २४ किलोमीटर. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते. उतरल्यावर पारपत्राची रांग, सामानाचा पट्टा, मग मुलाचे घर. बरकतपुऱ्यातील दार ते शिकागोतील दार हा हिशेब थेट विमानानेही चोवीस तासांच्या घरात जातो, व एक थांबा असल्यास तीस तासांच्या.

घड्याळ आणि सूर्य

भारताचे व शिकागोचे घड्याळ यांत हिवाळ्यात साडेअकरा व उन्हाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. कारण तेथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. गंमत अशी की, अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी देशाचे वेळेचे विभाग ठरविले ते ऑक्टोबर १८८३ मध्ये, शिकागोतच भरलेल्या बैठकीत. त्यापूर्वी तेथे गावोगावी निराळी वेळ होती. आपल्याकडे १ जानेवारी १९०६ पासून एक प्रमाणवेळ आली. तरी हैदराबादचा सूर्य अद्यापि तिच्या सुमारे सोळा मिनिटे मागेच चालतो.

ज्या घरांत सूर्यास्तानंतर आहार न घेण्याचा नियम पाळला जातो, त्यांना या प्रवासात एक निराळाच प्रश्न पडतो : सूर्यास्त कोणता धरावा? दुपारी एकच्या सुमारास हैदराबादहून निघालेले विमान वर सांगितलेल्या उत्तरेच्या वाटेने गेल्यास, जूनमध्ये संपूर्ण प्रवासात सूर्य मावळतच नाही. कारण त्या दिवसांत ध्रुवाजवळ रात्र नसते आणि शिकागोस उतरतानाही ऊन असते. तेच विमान जानेवारीत गेले, तर मध्य आशियावर सूर्य मावळतो, आर्क्टिकवर भरदिवसा काळोख लागतो, आणि कॅनडावर दक्षिणेस सरकताना मावळलेला सूर्य पुन्हा क्षितिजावर दिसून दुसऱ्यांदा मावळतो. म्हणजे एकाच प्रवासात दोन सूर्यास्त! नियम कसा पाळावा हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. तो ज्याने त्याने गुरुजनांस विचारून ठरवावा. निघण्यापूर्वी ठरवावा इतकेच आमचे सांगणे. सतरा तासांच्या प्रवासात उपाशी वृद्धाने खिडकीतून सूर्य शोधीत बसणे बरे नव्हे. कंदमुळे वर्ज्य असलेले जैन भोजन बहुतेक मोठ्या विमान कंपन्या देतात, पण ते किमान एक दिवस आधी नोंदवावे लागते. जेथे विमान बदलते, तेथे दोन्ही टप्प्यांवर त्याची नोंद झाली आहे ना, हे पाहून घ्यावे.

मालाचा हिशेब

माल पाठविणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द. हवाई मालाचे भाडे नुसत्या वजनावर नसते; डब्याने व्यापलेली जागाही मोजली जाते. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्यास ६,००० ने भागावे. येणारे किलो व प्रत्यक्ष किलो यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे आकारतात. साठ, पन्नास व चाळीस सेंटिमीटरचा डबा प्रत्यक्षात बारा किलोंचा असला, तरी भाडे वीस किलोंचे पडते. मोत्यांच्या पुडक्यास याची झळ लागत नाही; कापडाच्या सैल बांधलेल्या गाठीस लागते. आणखी एक : सामानाच्या चिठ्ठीवर शिकागोच्या ओ’हेअर विमानतळासाठी ‘ओ आर डी’ अशी अक्षरे असतात. तेथे पूर्वी ऑर्चर्ड फील्ड नावाचे विमानक्षेत्र होते, त्याचे हे अवशेष. शिकागोचे नाव दिसत नाही म्हणून घाबरू नये.

ज्या हिशेबास उशीर करू नये

आता ज्या कारणासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तिकडे वळतो. विषय अप्रिय आहे. पण टाळल्याने तो टळत नाही.

समजा, हिवाळ्यात सोमवारी रात्री आठ वाजता बरकतपुऱ्यातील वडीलधाऱ्यांची प्रकृती एकाएकी ढासळली व मुलास दूरध्वनी केला. शिकागोत त्या वेळी सोमवारची सकाळचे साडेआठ वाजलेले असतील. त्याने त्याच क्षणी धावपळ करून रात्री आठचे विमान मिळविले, तर आपल्याकडे तेव्हा मंगळवारची सकाळचे साडेसात होतात. एक थांबा धरून बावीस तासांनी, बुधवारी पहाटे साडेपाच वाजता, तो शमशाबादला उतरेल व साडेसातच्या सुमारास घरी येईल. निरोपापासून साडेपस्तीस तास झाले; आणि यात कोठेही अडथळा आला नाही असे आपण धरले आहे. आकाशातील कोणतीही प्रगती हा आकडा याहून फारसा खाली आणू शकत नाही.

मुलगा येईपर्यंत थांबावे, की आपल्या रीतीप्रमाणे विलंब न करता अंतिम संस्कार उरकावेत, हा निर्णय मग त्या घटकेस शोकाकुल घरावर येऊन पडतो. भावाभावांत त्यावरून कायमचा सल राहून जातो. ‘माझ्यासाठी थांबले नाहीत’ हे एकाचे दुःख, आणि ‘त्याच्यासाठी ताटकळत ठेविले’ हे दुसऱ्याचे. यात दोष कोणाचाच नसतो. दोष साडेपस्तीस तासांचा असतो. यास्तव ज्येष्ठांनी प्रकृती धडधाकट असतानाच आपली इच्छा घरातील सर्वांस, व परदेशातील मुलांसही, स्वमुखाने सांगून ठेवावी. त्यांच्या शब्दानंतर कोणास कोणाचा राग धरण्याचे कारण उरत नाही.

मुलांनीही आपल्या बाजूने वेळ वाचवावा. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांनी स्वतःचे, पत्नीचे व मुलाबाळांचे परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड आधीच काढून ठेवावे. प्रवेशपत्रावाचून विमानात पाऊल ठेवता येत नाही. पारपत्राची मुदत वर्षातून एकदा पाहावी. इकडून जाणाऱ्यांसाठी एक सोय मोठी झाली आहे : २००८ पूर्वी अमेरिकेच्या व्हिसासाठी हैदराबादकरांना चेन्नई गाठावी लागे, त्या वर्षी अमेरिकेचा वाणिज्य दूतावास येथेच सुरू झाला. वृद्ध मातापित्यांचा व्हिसा प्रसंग येण्यापूर्वीच असावा, कारण व्हिसासाठी लागणारे दिवस कोणतेही विमान भरून काढीत नाही.

१८९३ मध्ये परदेशी निघालेल्यास निरोप देताना साठ दिवसांचा विरह गृहीत धरलेला असे. त्यामुळे सांगावयाचे ते आधीच सांगून होई. सतरा तासांच्या आकड्याने आपणांस वाटू लागले आहे की, मुले हाकेच्या अंतरावर आहेत, केव्हाही बोलता येईल, केव्हाही येता येईल. तेरा हजार किलोमीटर मात्र तेव्हा होते तितकेच आज आहेत. हे लक्षात ठेवून आमच्या बांधवांनी दिवाळीच्या वहीपूजनाबरोबरच घरातील हा हिशेबही एकदा मुलाबाळांसह पाहून घ्यावा, अशी आमची विनंती आहे. त्या कामी वरील आकडे कोणास उपयोगी पडले, तर आमचे श्रम कारणी लागले असे आम्ही समजू.